उजव्या गुडघ्याचे गुण

शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत निबंधाला दहापैकी सातच्या वर गुण कुणाला दिले नाहीत. सहा म्हणजे माझी शाबासकी. पालक भांडायला यायचे, मुख्याध्यापक समजूत काढायचे, मी बधले नाही. मुलगा माझ्याच वर्गात होता, त्यालाही पाच दिले. अजून बोलून दाखवतो. हा खाक्या निवृत्तीनंतरही सुटला नाही आणि त्यापायी माझ्या गुडघ्याचा इलाज हातचा जायची वेळ आली होती.

आम्ही सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही, पायऱ्या बावन्न. उजव्या गुडघ्याची झीज होत होत अशी वेळ आली की आठ महिने मी जिना उतरले ती फक्त डॉक्टरांकडे जायला, तीही एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने आमच्या ह्यांचा खांदा धरून. बाहेरचं सगळं हेच बघायचे. गुडघा बदलायचा म्हटलं तर हृदयाच्या डॉक्टरांनी साफ नाही म्हणून सांगितलं, एवढं मोठं ऑपरेशन झेपायचं नाही म्हणाले. मग मुलाने हिंजवडीचा धोशा लावला. त्याचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर, दोन दोन लिफ्ट. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण तिकडे सकाळी सगळे कामावर गेले की बोलायला फक्त भिंती. इथे मी गॅलरीतून नुसतं "काय हो" म्हटलं तरी चार माणसं वर बघतात. मला पेठ सोडायची नव्हती. पण जिनाच उतरता येत नसेल तर कसली पेठ आणि कसलं काय! दिवाळीपर्यंत बघायचं, नाहीतर सामान बांधायचं, असं ठरलं.

तेवढ्यात आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. त्या फक्त जुन्या दुखण्यांवर इलाज करतात. बघते तर पस्तिशीची मुलगी! आणि पहिलंच वाक्य, "बसा आजी." म्हटलं, आजी तुमच्या घरी. मोठ्याने म्हटलं. ती जराही न चिडता "बरं, काकू" म्हणाली आणि कागदावर गुडघा काढून समजवायला लागली. गुडघ्याभोवती बारीक नसा असतात, त्या दुखण्याचा निरोप मेंदूकडे नेतात. सुईच्या टोकाशी रेडिओलहरींनी उष्णता निर्माण करून त्या नसा निकामी करायच्या. नाव रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन. कापाकापी नाही, पूर्ण भूल नाही. मात्र आधी त्याच नसांजवळ भुलीचं इंजेक्शन देऊन बघायचं. तात्पुरतं का होईना, दुखणं निम्म्याने तरी उतरलं तरच पुढे जायचं, नाहीतर दुखण्याचं मूळ दुसरीकडे आहे असं धरायचं.

"आत्ता किती दुखतंय, काकू? दहापैकी सांगा."

मी विचार केला. दहा म्हणजे काय, बाळंतपणाच्या कळा. नऊ म्हणजे हाड मोडणं. माझा हा म्हातारा गुडघा त्यांच्या पंगतीत कशाला बसवू? म्हटलं, "चार."

"चार?" तिने माझ्याकडे बघितलं, मग एक्स-रेकडे. "आणि आठ महिने घराबाहेर नाही?"

"चार म्हणजे चार."

तिने इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने मला उभं केलं आणि दवाखान्याचा जिना चढून उतरायला सांगितलं. मी चढले, उतरले. परत आल्यावर तिने विचारलं, "आता किती?"

शून्य मी फक्त कोऱ्या पेपरला द्यायची. एक दिला तर उगाच कौतुक होईल. थोडं हुळहुळत तर होतंच. म्हटलं, "तीन."

तिचा चेहरा पडला. हळू आवाजात म्हणाली, "मग उपयोग होईल असं वाटत नाही, काकू. निम्म्यावर तरी यायला हवं होतं. नसा जाळून तुम्हाला काही मिळणार नसेल, तर मी ते करणार नाही." माझ्या डोळ्यांपुढे तो चौदावा मजला आला.

आणि मागच्या खुर्चीतून हे बोलले. "डॉक्टर, एक सांगू का? हिने पोटच्या पोराला निबंधात पाच दिलेत. हिच्या आकड्यांवर जाऊ नका."

मी तिथल्या तिथे रागाने लाल झाले. ती मुलगी मात्र हसली नाही, हे तिचं मोठेपण. वेळ संपली, पुढचा पेशंट, असंही तिने केलं नाही. पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "गुण राहू देत. सकाळी जे जमत नव्हतं आणि आत्ता जमलं, असं एक तरी सांगा."

"काही नाही. जिना चढले."

"कठडा धरून?"

मी तोंड उघडलं आणि थांबले. एका हातात पर्स होती, दुसऱ्या हाताने साडीच्या निऱ्या सावरल्या होत्या. कठड्याला मी हात लावलाच नव्हता. "नाही हो," म्हटलं, आणि मला रडूच कोसळलं. परक्यांपुढे रडायची माझी ही पहिलीच वेळ.

तिने एक वही दिली. घरी जाऊन काय काय केलं ते लिहायचं, आकडे नकोत, वाक्यं लिहा म्हणाली. ते मला येतं. बावन्न पायऱ्या चढले. पोळ्या उभ्याने केल्या. माळ्यावरचा डबा काढला. सहाच्या सुमाराला भूल उतरली आणि गुडघा पहिल्यासारखा ठणकायला लागला, आणि मी वेड्यासारखी खूश! कारण दुखणं त्या नसांचंच होतं, हे आता वहीत पांढऱ्यावर काळं झालं होतं.

पंधरा दिवसांनी तिने तो इलाज केला. प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगत होती, आता टोचेल, आता दडपल्यासारखं होईल. जाळण्याआधी सुईतून बारीकसा करंट सोडला आणि माझ्या पावलाकडे बघत राहिली. पाय उडत नव्हता. "ही नस चालवणारी नाही, नुसती ओरडणारी आहे," म्हणाली. मला वर्गातली चुगलखोर मुलं आठवली. तीन ठिकाणी, प्रत्येक वेळी दीड-दोन मिनिटं, की झालं. झीज आहे तिथेच आहे, नस वर्षभरात पुन्हा वाढू शकते, मग पुन्हा करावं लागेल, हेही तिने आधीच सांगितलं होतं. एवढं सरळ बोलणारं माणूस मला फार दिवसांनी भेटलं. तिचे हात, तिची नजर, तिचा तो न वैतागणारा आवाज, काय सांगू! ती माझी विद्यार्थिनी असती तर मी आठ दिले असते.

पहिले काही दिवस सूज होती, मग उतरली. महिनाभराने मुलाला फोन करून सांगितलं, सामान बांधत नाही. त्याच संध्याकाळी ह्यांच्याबरोबर भाजी आणायला खाली उतरले. भाजीवाली "अगंबाई, बाई तुम्ही!" म्हणून उठूनच उभी राहिली. येताना भाजीची पिशवी ह्यांच्याकडे होती. मी आपली बोलत बोलत पुढे चढत होते, दुसऱ्या मजल्यावर मागे वळून बघते तर हे नाहीत.

खाली वाकून पाहिलं. पहिल्या मजल्याच्या वळणावर पिशवी पायरीवर ठेवून, दोन्ही हातांनी कठडा धरून उभे होते. तोंडाने श्वास घेत होते.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. चपलेचा अंगठा निसटला."

अंगठा जागेवर होता. मी उतरून त्यांच्याजवळ गेले. "किती दिवस होतंय हे?"

ते पिशवी उचलायला वाकले. आठ महिने सकाळी दूध, मग औषधं, मग भाजी. आणि मी वर बसून, कोथिंबीर विसरलात म्हणून ह्यांना पुन्हा खाली पाठवत होते. एकदा नाही, कितीदा तरी. वर आले की दारात मिनिटभर उभे राहायचे, मला वाटायचं चपला काढतायत.

"आणा ती पिशवी इकडे. आणि उद्या डॉक्टरांकडे जायचंय."

लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, माझ्या एका वाक्याला ह्यांनी उलट उत्तर दिलं नाही असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी मुकाट्याने पिशवी दिली. मला भीती वाटली. गुडघा अजिबात दुखत नव्हता, सरसर चढता आलं असतं. मी एकेका पायरीवर थांबत हळूहळू चढले.