घाटातच बंद पडणारा ट्रक

पोलादपूरच्या त्या नव्या मालट्रकची फिर्याद मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतल्या कित्येकांचे तपशील आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. ही फिर्याद मात्र जशीच्या तशी लक्षात आहे, कारण तिच्यात मी एका सरळ माणसाला चोर ठरवून मोकळा होणार होतो.

एकोणीसशे पन्नासच्या दशकाची अखेर होती. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते आणि मी महाड ठाण्यात फौजदार होतो. पोलादपूर भागातले तपासही माझ्याकडेच येत. फिर्यादी होते पोलादपूरचे एक भातगिरणीवाले. गावातल्या कुणाच्या मालकीचा पहिला नवा कोरा ट्रक त्यांचा. पेट्रोलवर चालणारा. इकडचा तांदूळ आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढवायचा आणि येताना बटाटा किंवा हिरडा भरून आणायचा, असा त्यांचा व्यवहार होता.

हा ट्रक घाटात बंद पडू लागला. सपाटीवर एकदम ठीक. अर्धा घाट चढला की खोकल्यासारखे झटके देई आणि थांबे. घाटात भरलेली गाडी थांबणे म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला सांगायला नको. एकदा गाडी चार हात मागे घसरली होती. क्लिनरने चाकाखाली दगड टाकला म्हणून निभावले, नाहीतर तांदळासकट सगळे दरीत गेले असते.

गाडी गॅरंटीत होती. मालकांनी ती मुंबईला कंपनीच्या एजंटाकडे तीनदा नेली. तिथल्या मिस्त्र्यांनी एकदा पेट्रोलचा पंप बदलला, दोनदा कार्बोरेटर खोलून साफ केला. चौथ्यांदा तक्रार केली तेव्हा पत्र आले की वाहनात दोष नाही. टाकीतले पेट्रोल वाटेत काढले जात असावे, आपल्या ड्रायव्हरची चौकशी करावी, यापुढे गॅरंटीत काम होणार नाही.

त्याच आठवड्यात मालकांना एक खबर मिळाली. कुडपणकडचा एक शेतकरी डोंगरातून घाटरस्त्याने पोलादपूरला येत असे. त्याने गिरणीवर सांगितले की तुमचा ड्रायव्हर वळणावर गाडी उभी करून टाकीचे टोपण उघडतो, हातात डबा असतो. पत्र आणि खबर दोन्ही एका जागी बसली. मालक तडक माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी फिर्याद नोंदवून घेतली. प्रतिष्ठित माणूस, हातात कंपनीचे टाइप केलेले पत्र, वर प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार. मला तरी आणखी काय हवे होते?

ड्रायव्हर चाळिशी ओलांडलेला, लष्करातून आलेला. लढाईच्या काळात ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर गाड्या चालवलेल्या. ठाण्यात आला तो ताठ उभा राहिला, आणि तेच मला खटकले. पोलिसांत एक समजूत असते की निरपराध माणूस घाबरतो आणि सराईत घाबरत नाही. ती समजूत निम्म्या वेळा चुकीची ठरते, हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

मी त्याला दोन तास बसवून तेच तेच प्रश्न विचारले. टोपण उघडतोस का? उघडतो. का? त्याशिवाय गाडी पुढे जात नाही. हातात डबा कशाला? इंजिनात घालायच्या पाण्याचा. वळणावर झरा आहे. मी म्हटले, टोपण उघडून गाडी चालते हे तुला लष्कराने शिकवले का? तो शांतपणे म्हणाला, “साहेब, का चालते ते मला ठाऊक नाय. पण चालते. मी शेटना बोललो, मुंबईच्या मिस्त्रीला बोललो. ते हसले. आता तुम्हाला बोलतोय.”

मीही हसलोच. जबाब लिहून घेतला, त्याचा परवाना जमा करून घेतला आणि दुसऱ्या दिवशी पंच घेऊन त्याच्या घराची झडती करवली. सगळी आळी दारात उभी होती. घरात पेट्रोलचा थेंब सापडला नाही. शिपाई निघून गेल्यावर त्याच्या बायकोने बाहेर काढलेली भांडी एकेक करून आत नेली, असे मला हवालदाराने येऊन सांगितले. का कोण जाणे, ते ऐकून मला चांगले वाटले नाही.

मग साक्षीदाराला बोलावले. शेतकरी साठीचा, अंगावर घोंगडी, बोलायला मोकळा. मी विचारले, ड्रायव्हरला पेट्रोल काढताना पाहिलेस ना? आधी तो हो म्हणाला. त्याच वेळी ठाण्याच्या पडवीत आमचा हवालदार कंदिलांसाठी रॉकेलचा नवा डबा फोडत होता. तेल गचके खात पडत होते. कारकून त्याला ओरडला की दुसरे भोक पाड, वारा आत गेल्याशिवाय तेल बाहेर कसे येईल. हवालदाराने खिळा ठोकला आणि धार सरळ लागली.

मी ते नुसते बघत होतो. काहीतरी हलले डोक्यात. साक्षीदाराकडे वळून मी प्रश्न बदलला. त्याने काय केले ते सोड. तुला काय दिसले आणि काय ऐकू आले तेवढेच सांग, म्हटले.

तो थोडा विचार करून म्हणाला, “टोपान काढला, सायेब. टाकीनं फुस्स करून उसासा टाकला, मी लांबून ऐकला. मग टोपान लावला नि गाडी चालू केली.”

“डब्यात काय ओतलं?”

“डबा खाली जमिनीवर होता. ओतताना मी बघितला नाय. लोकं बोलली पेट्रोल काढतो, म्हणून मी पण तसाच बोललो.”

मी कपाटातून ड्रायव्हरचा जबाब काढला आणि पुन्हा वाचला. त्याने पहिल्याच दिवशी सगळे सांगितले होते. माझ्याच अक्षरात लिहिलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच, मालक आणि ड्रायव्हर यांना घेऊन मी त्या ट्रकमध्ये बसलो. परवाना त्याच्या हातात दिला आणि नेहमीइतक्याच गोणी भरायला लावल्या. अर्ध्या घाटात गाडीने झटके दिले आणि थांबली. चाकांना दगड लावले. मी कुणालाही हात लावू न देता स्वतः टोपण फिरवले. टाकीने आत जोरात श्वास ओढला. तो आवाज मालकांनीही ऐकला. इंजिन लगेच सुरू झाले.

टोपण मी उलटसुलट पाहिले. त्याला वारा जायला एक बारीक भोक असते, तीळ मावेल एवढे. ते हिरव्या रंगाने बुजलेले होते. मालकांना विचारले, ही गाडी पहिल्यांदा कधी बंद पडली? दसऱ्यानंतर, ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला. दसऱ्याला त्यांनी हौसेने गाडी रंगवून घेतली होती, टाकी आणि टोपणासकट. रंगारी आपल्या देखरेखीखाली बसवून. पेट्रोल ओढले जाई तशी टाकीत पोकळी होई, वारा आत शिरेना, आणि चढावर जास्त पेट्रोल लागले की इंजिन उपाशी राही.

एका पंचाने टाचणी दिली. मी भोक मोकळे केले. ट्रक माथ्यापर्यंत कुठेही न थांबता गेला. वर पोचल्यावर ड्रायव्हरने इंजिन बंद केले, आणि त्या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच मी त्याला तोंड वळवून डोळे पुसताना पाहिले.

मी एजंटाला पंचनाम्याची नक्कल पाठवली. त्यांचा वयस्क फोरमन स्वतः महाडला आला. माणूस प्रामाणिक होता. म्हणाला, दर खेपेस आम्ही टोपण उघडून पेट्रोल भरले, मुंबईच्या सपाट रस्त्यावर फेरी मारली आणि गाडी चांगली म्हणून परत दिली. घाटात कुणी नेलीच नाही. त्याने नवे टोपण बसवले. इतके महिने ओढाताण सोसून पंपाचा पडदा ताणला होता, तोही गॅरंटीत बदलून दिला, आणि ड्रायव्हरवरचा संशय मागे घेत असल्याचे पत्र लिहून दिले. मी न्यायालयाकडे ‘सी’ समरी पाठवली. म्हणजे फिर्याद खोटी नव्हे, गैरसमजुतीची.

कागद मिटले, पण माणसाचे काय? मी गणवेशात त्या आळीत गेलो आणि एजंटाचे पत्र चार माणसांसमोर मोठ्याने वाचले. मालक बरोबर होते. त्यांना कुणी सांगितले नव्हते, तरी त्यांनी पायांतल्या वहाणा काढल्या आणि ड्रायव्हरला म्हणाले, “चुकलो रे. गाडी तुझ्याशिवाय उभी आहे.”

ड्रायव्हरने लगेच होकार दिला नाही. घरात जाऊन बायकोला विचारून आला. मग म्हणाला, “येतो, शेट. पण यापुढे मी काय बोललो तर आधी ऐकून घ्यायचा.” मालकांनी मान डोलावली. पुढे कितीतरी वर्षे त्याने तो ट्रक चालवला. मी महाडला होतो तोवर चवदार तळ्याजवळून गाडी जाताना तो हॉर्न न वाजवता नुसता हात वर करी, आणि मला बरे वाटे.

या प्रकरणाने मला तपासाची एक सवय लावली, ती निवृत्तीपर्यंत टिकली. हाताखालच्या नव्या फौजदारांनाही मी हेच सांगत असे. आरोपीचा जबाब लिहून झाला, की एकदा तो अक्षरशः खराच आहे असे धरून वाचून बघा. बहुतेक वेळा काही निघणार नाही, तुमची पाच मिनिटे जातील. पण एखाद्या वेळी एक माणूस आपल्या घरी जाईल.