किलटोरा मठाची चावी

मलाकी टूहीला आयर्लंडमधल्या गॉलवेत कोणी विचारलं, काय करतोस, तर तो म्हणायचा, "मेलेल्या साधूंच्या जिवावर जगतो." आठवड्यातून तीन दिवस, वीस जणांची बस घेऊन सकाळी निघायचं, तीन पडके मठ, एक बुरूज, एक पवित्र झरा दाखवायचा आणि संध्याकाळी परत. गाडीही तोच चालवायचा आणि बोलायचाही तोच. बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एकोणीस वर्षं तो तेच विनोद त्याच वळणांवर करत होता. बायको म्हणायची, "तुझ्यापेक्षा ते साधू बरे. त्यांना मौनाचं व्रत तरी होतं."

तीन मठांतला किलटोरा सगळ्यात लहान. छप्पर कधीच गेलेलं, उरल्या होत्या नुसत्या भिंती आणि त्यांच्यात राहणारे कावळे. तिकीटघर नाही, दुकान नाही. फाटकाला कुलूप आणि वर पाटी: चावी गॅफनींच्या घरी. तिकडची रीतच ती. पडका मठ सरकारचा, पण चावी शेजारच्या घराची, आणि घरात ती सासूकडून सुनेकडे जाते. अट्रॅक्टा गॅफनीकडे ती बावन्न वर्षं होती. बाई आता एक्याऐंशीच्या, आणि सून बॉस्टनला. चावी पुढे जायला घरात कोणी उरलं नव्हतं.

अट्रॅक्टाचा नवरा थेडी मठाच्या आतच पुरलेला होता, कारण जुन्या घराण्यांचा तिथे तसा हक्क आहे. पण वाट दगडधोंड्यांची, एकटीने जाणं तिला झेपत नसे. बस आली की कुणा तरी पाहुण्याच्या हाताला धरून ती आत जायची आणि ऐटीत सांगायची, "साधू तिकडे, माझा नवरा इकडे. कामाला दोघेही सारखेच."

गेली तीन वर्षं मात्र चावी वेळेवर सापडेनाशी झाली होती. मलाकीने दार ठोठावलं की आतून आवाज यायचा, "अगं बाई, चावी! आत्ता तर इथे होती!" मग शोधाशोध. तोवर पाहुणे स्वयंपाकघरात दाटीवाटीने बसायचे, किटली चढायची, सोड्याचा पाव कापला जायचा. अर्ध्या तासाने चावी निघायची, कधी मांजराच्या टोपलीतून, कधी मेरीमातेच्या मूर्तीमागून. मलाकीने मनाशी ठरवून टाकलं, म्हातारी विसरायला लागली. एकदा फाटक लावताना त्याने चावीचा ठसा गुपचूप साबणाच्या वडीवर घेतला आणि गॉलवेत तिची जोडीदारीण बनवून घेतली. बनवलेली कोटाच्या आतल्या खिशात असायची, पण ती बाहेर कधी काढली नाही. तिच्या देखत ती काढणं म्हणजे तोंडावर "तुम्ही थकलात" म्हणणं, आणि तेवढा निगरगट्ट तो नव्हता.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी सहलीच्या कंपनीच्या कचेरीतून डर्वला कीटिंग बसमध्ये येऊन बसली. तिशीची, दक्षिणेतल्या कॉर्क शहराकडची, मनगटावर मोठं घड्याळ. पोरगी वाईट नव्हती, तिला नेमून दिलेलं काम ती करत होती.

"मलाकी, किलटोराला कागदावर पंचवीस मिनिटं आहेत," ती म्हणाली. "तुम्हाला पन्नास लागतात. लोकांच्या तक्रारी येतात, शेवटी दुकानात खरेदीला वेळ उरत नाही म्हणून."

"चावीमुळे थोडं इकडेतिकडे होतं."

"आज वेळेत झालं नाही, तर हा थांबा बंद करायचा. नाहीतरी त्या पलीकडच्या मठात निदान शौचालय आहे."

बस बंद म्हणजे अट्रॅक्टाचं थेडीकडे जाणं बंद. त्या दिवशी वळणं आली आणि गेली, मलाकीला एकही विनोद सुचला नाही.

दार ठोठावलं. "अगं बाई, चावी!" आतून ठरलेला आवाज आला.

पाहुणे बाकांवर बसले. अट्रॅक्टाने किटलीला हात घातला. दारात डर्वला घड्याळ बघत उभी. मलाकीने एकवार तिच्याकडे, एकवार किटलीकडे पाहिलं, कोळशाच्या बादलीमागे वाकला आणि ओरडला, "सापडली! ही काय, इथेच पडली होती!"

अट्रॅक्टाने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने खाली मान घातली. कप टेबलावर तसेच राहिले.

आत, थेडीच्या दगडापाशी, पाहुणे फोटो काढायला पांगल्यावर तिने ब्लाउजच्या आतून एक दोरी ओढली. दोरीला चावी होती.

"माझी ही," ती म्हणाली. "ती कुठली?"

मलाकीला कानापर्यंत लाली चढली. "म्हणजे हरवली नव्हतीच?"

"पहिल्यांदा हरवली होती. देवाशपथ, पिठाच्या डब्यात पडली होती. त्या दिवशी तुझी माणसं तासभर बसली. एक जर्मन बाई तर भांडी घासून गेली. त्याआधी सोळा वर्षं दर खेपेला मी चहा विचारत होते, आणि तू तीनदा नको म्हणून चालता होत होतास."

"तीनदा नको म्हणायचं असतं, मिसेस गॅफनी. रीत आहे."

"आणि चौथ्यांदा हो म्हणायचं असतं, गाढवा!"

मग मलाकीने घड्याळवालीची सगळी हकीकत सांगितली. अट्रॅक्टा दगडाकडे वळली. "ऐकलंस का रे थेडी?" एवढंच म्हणाली.

बसमध्ये डर्वलाने आकडा सांगितला. "एकतीस मिनिटं. मंगळवारी पुन्हा येईन, मग ठरवू."

मंगळवारी पावसाची भुरभुर होती. बस वळणावर आली आणि मलाकीने ब्रेक दाबला. फाटक सताड उघडं. बाजूला अट्रॅक्टा, रविवारच्या प्रार्थनेचा कोट घालून. दगडी कुंपणावर टॉवेलांखाली झाकलेले वीस कप, भरलेले.

"चला, कप उचला आणि आत चला!" ती पाहुण्यांना म्हणाली. "चावीचं काही नाही आज. वेळ घालवू नका."

मलाकीने कप तोंडाला लावला. चहा गारढोण होता. त्याने तिच्या कोटाकडे पाहिलं, खांदे भिजून काळे पडले होते.

"कधीच्या उभ्या आहात?"

"आत्ताच तर आले."

बस चुकेल या धास्तीने ती सकाळपासून तिथे उभी होती, हे कुणी सांगायची गरज नव्हती. डर्वलाचंही लक्ष त्या खांद्यांकडे गेलं होतं.

"तू घे ना, पोरी," अट्रॅक्टा म्हणाली.

"नको, नको."

"अर्धा कप."

"नको हो, आत्ताच प्याले."

"एक घोट तरी."

"खरंच नको, मिसेस गॅफनी."

मलाकी बोटांवर मोजत होता.

"थंडी आहे बाई," अट्रॅक्टाने चौथ्यांदा म्हटलं.

"बरं. द्या," डर्वला म्हणाली. कॉर्कची असली तरी होती शेवटी कुणाची तरी नात. तो गार चहा ती उभ्या उभ्या तळापर्यंत प्यायली, आणि घड्याळाचाच हात तिने म्हातारीपुढे केला. अट्रॅक्टाने तो मनगटाशी घट्ट धरला, आणि दोघी दगड चुकवत थेडीकडे निघाल्या.