शीतलने गोळ्या का सोडल्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — ते मलाही नीट ठाऊक नाही.

मी पुण्यातल्या कसब्यातली. हिंजवडीत नोकरी लागली आणि रोजचे चार तास कंपनीच्या बसमध्ये जायला लागले, म्हणून तिथेच मुलींच्या हॉस्टेलात खोली घेतली. सोबत शीतल होती. यवतमाळची, माझ्याच वयाची, दुसऱ्या एका कंपनीत. तिला बायपोलर होतं. पहिल्याच दिवशी तिने गोळ्यांचा डबा खिडकीत ठेवला आणि म्हणाली, "मी फार बोलायला लागले, झोपेनाशी झाले, तर बाबांना फोन कर. हा नंबर घे."

तेव्हा मोबाइलवर एक लाट होती. आमच्या वयाच्या मुली प्रोफाइलमध्ये नावाखाली मनाच्या आजाराचं नाव लिहायच्या, आधी रास लिहायच्या तसं. दहा प्रश्नांची उत्तरं दिली की आजार कळायचा. मीही दिली. मला काय होतं? कंटाळा होता, थोडा एकटेपणा. पण कंटाळ्याला कोण विचारतं? टोपणनावाने खातं उघडलं आणि खाली लिहिलं — बायपोलर.

मग रोज काहीतरी लिहायला हवं होतं. माझ्याजवळ काही नव्हतं, शीतलजवळ होतं. एकदा उत्साहाच्या भरात तिने हॉस्टेलचं अख्खं स्वयंपाकघर धुऊन काढलं होतं. नंतर आठवडाभर केस विंचरायला हात उचलला नव्हता. ती मला सांगायची, आणि मी ते थोडं बदलून स्वतःचं म्हणून लिहायचे. लोक म्हणायचे, किती धीट आहेस. बरं वाटायचं — फार बरं. एकदा लिहिलं, गोळ्या सोडल्या, आता मी मला सापडले. घेतल्याच नव्हत्या, तर सोडणार काय? पण सगळ्यांत जास्त वाहवा त्यालाच मिळाली.

एका रविवारी चहा पिताना शीतलने तिचा मोबाइल माझ्यापुढे धरला. "ही मुलगी बघ. अगदी माझ्यासारखं होतं गं तिला. पहिल्यांदाच वाटलं, मी एकटी नाही."

बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "हो का?"

तिने त्या खात्यावर निरोप पाठवला. गोळ्यांनी वजन वाढतं, हात थरथरतात. सोडल्यावर तुला काही त्रास झाला नाही ना? ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी उत्तर लिहिलं — "नाही. उलट मोकळं वाटतं. अर्थात, प्रत्येकीने आपलं आपण ठरवावं." शेवटचं वाक्य स्वतःला सोडवून घ्यायला होतं. लिहितानाच कळत होतं.

डब्यातल्या गोळ्या कमी होईनात. मी पाहत होते. तिची झोप कमी झाली, बोलणं वाढलं, तेही पाहत होते. नंबर माझ्याकडे होता. फोन केला असता तर पहिला प्रश्न काय आला असता? म्हणून केला नाही.

एका सकाळी ती हिंजवडीच्या चौकात अनवाणी उभी राहून गाड्या थांबवायला लागली. लोकांनी व्हिडिओ काढले. तिच्या कंपनीत ते सगळ्यांनी पाहिले. वाहतूक पोलिसाने तिला बाजूला बसवून पाणी दिलं.

तिचे बाबा आले. शाळामास्तर, साधा माणूस. हॉस्टेलच्या पायरीवर मला म्हणाले, "बेटा, गोळ्या कायले सोडल्या तिनं? तुले काही बोलली होती का?"

"नाही काका."

"तुलेही लय तरास झाला असंन," ते म्हणाले, आणि मी मान डोलावली.

त्याच संध्याकाळी मी ते खातं पुसून टाकलं. शीतल बरेच महिने दवाखान्यात होती. नोकरी गेली. आता यवतमाळला शिकवण्या घेते, गोळ्या वेळेवर घेते, माझ्याशी अधूनमधून फोनवर बोलते. मागच्या वेळी म्हणाली, "ती मुलगी एकदम गायब झाली गं. गोळ्या सोडल्या होत्या तिनं. कुणी असेल ना तिच्याजवळ?"

मी म्हणाले, असेल.