ओट्याविना नळ

आमच्या कामथडीच्या घरात आई जन्मभर बसूनच स्वयंपाक करत आली. चूल खाली, स्टोव्ह खाली, मोरीही खालीच. पन्नाशीनंतर तिचे गुडघे दुमडेनात. भाकऱ्या थापून उठताना ती भिंतीला धरून "आई गं" म्हणायची, आणि आम्ही सगळे ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. शेवटी आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मनावर घेतलं. ते एसटीत कंडक्टर. फंडातून उचल काढून त्यांनी घराची दुरुस्ती काढली, ती मुख्यतः आईला उभ्यानं रांधायला ओटा बांधून द्यायचा म्हणून.

गवंड्याआधी नसरापुरातून नळवाला आला. मोरीमागची भिंत कायम ओली असायची, तेवढाच एक तुकडा बदलायचा होता. त्यानं प्लास्टर फोडलं, पान्हा लावला आणि पाइप बिस्किटासारखा मोडून हातात आला. आत गंज असा दाटला होता की करंगळी जाईना. नवा तुकडा जोडायला पुढचा पाइप धरावा तर तोही मोडायचा. दुपारपर्यंत टाकीपासून मोरीपर्यंतची भिंत नांगरून निघाली.

"आण्णा, समदी लाइन बदलावी लागंल."

"आरं, लोखंड हाय ते. लोखंड कुठं मरतं व्हय?"

"ह्ये कवाच मेलंय."

नुसत्या पाइपांचं एक वेळ भागलं असतं. पण भिंत फोडायची मजुरी वेगळी, राडारोडा उचलायची वेगळी, आणि तीच भिंत पुन्हा बुजवायची आणखी वेगळी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! मला तर आजही त्याचा राग येतो. बरं, एवढा खर्च करून पाहुण्यांना बोट दाखवून सांगावं असं काही नाही. ओट्याचे सगळे पैसे भिंतीत गेले. आई एवढंच म्हणाली, "जाऊ द्या. पाणी तर यील."

लाइन पूर्ण करताना नळवाल्यानं विचारलं, "सैपाकघरातला नळ कुठं घ्यू? वटा हुणार आसंल तर वर, न्हाईतर खाली."

"खालीच घ्या," आई म्हणाली.

"वर," आण्णा म्हणाले.

"अवो, पर वटा कुठंय?"

"हुईल."

त्यांनी आईला भिंतीपाशी उभं केलं आणि पातेलं घासतेस तसे हात धर म्हणाले. परक्या माणसासमोर हवेत पातेलं घासताना आई लाजून लाल झाली. तिच्या हातांच्या अंदाजानं नळ बसला. खाली ओट्याचा पत्ता नाही आणि नळ भिंतीतून बाहेर डोकावतोय!

पुढे बरेच दिवस आमच्या स्वयंपाकघरात धबधबा होता. नळ सोडला की पाणी खालच्या कळशीवर आपटायचं आणि आईचं लुगडं भिजायचं. शेजारणी मुद्दाम बघायला यायच्या. मी चिडून नळाला रबरी नळी लावली, तर आण्णांनी ड्यूटीवरून आल्याबरोबर ती उपसून काढली. मी पुन्हा लावली, त्यांनी पुन्हा काढली. मी तोंडावर म्हणाले, "तुमच्या हट्टापायी आईनं भिजायचं का?"

"नळी लावली का समद्यांला सवय हुईल," ते म्हणाले. "मला बी हुईल. मंग वटा ऱ्हायलाच."

त्या दिवसापासून ड्यूटीवर जायच्या आधी सगळ्या कळश्या तेच भरू लागले. रोज स्वतः भिजायचे आणि तोच ओला गणवेश घालून एसटीत चढायचे. माझा राग तिथंच निवला. नळीही मी पुन्हा लावली नाही.

ते रिटायर झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात सारोळ्याहून टेम्पोत काळी फरशी आली. ओटा झाला, वर गॅस आला. आईनं उभ्यानं पहिली भाकरी तव्यावर टाकली. पुन्हा पुन्हा फरशीवरून हात फिरवत होती. मला रडू आलं.

आण्णा नेहमीसारखे पाटावर जेवायला बसले. इतकी वर्षं आई चुलीपुढं आणि ते तिच्यासमोर, असंच त्यांचं जेवण व्हायचं. सुट्ट्या पैशांवरून पॅसेंजरशी झालेली भांडणं ते तिला रंगवून सांगायचे. आता आईची पाठ त्यांच्याकडे होती. ते काहीतरी सांगू लागले आणि मधेच थांबले. मग ताट उचलून उठले, ओट्यावर तिच्या शेजारी ठेवलं आणि उभ्यानंच खाऊ लागले.

"अवो, उभ्यानं कुनी जेवतं व्हय?" आई ओरडली. "बसा की पाटावर!"

"बसून कुणासंगं बोलू? तुज्या पाठीसंगं?"

आईनं परात जरा बाजूला सरकवली आणि त्यांच्या ताटाला जागा करून दिली.