गाईच्या जिभेतलं लाकूड

मुलांनो, अंधेरीला आमच्या घरामागे एका गवळणमावशींचा गोठा होता. त्यांची एकुलती एक गाय दोन दिवस काही गिळत नव्हती. जीभ सुजून बाहेर आली होती आणि लाळ गळत होती. गुरांच्या डॉक्टरांना मराठी येत नव्हतं, म्हणून मावशींनी शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या मला बोलावलं. डॉक्टर ‘वुडन टंग’ एवढंच म्हणाले आणि औषध आणायला गेले.

"काय म्हणाले गं?"

"जिभेचं लाकूड झालंय," मी ऐटीत सांगितलं आणि घरी आले.

थोड्याच वेळात गाय हंबरली. धावत गेले तर मावशींच्या हातात कोयती!

"जिभेत लाकूड आहे ना? काढते."

"मावशी, थांबा! आत लाकूड नाहीये!"

मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. जीभ मात्र खरंच फळीसारखी टणक लागत होती, आत गाठी होत्या. डॉक्टर आल्यावर सगळं कळलं: ‘वुडन टंग’ हे गुरांच्या एका रोगाचं नाव होतं. काटेरी चारा टोचून जखमेतून जंतू शिरले होते, त्यामुळे मऊ मांस कडक झालं होतं. कापलं असतं तर रक्त थांबलं नसतं. डॉक्टरांनी शिरेतून आयोडीनचं औषध दिलं.

काही दिवसांनी गाईने हिरवा घास गिळला, तेव्हा कुठे मावशी माझ्याशी बोलल्या.

"तुझ्या इंग्रजीनं मारली असती गं माझी गाय!"