अहो, बॉल सोडा की

मला फुटबॉल कळतो, हे मी सिंगापुरात कितीतरी जणांना सांगून पाहिलं. ऐकणारा हसून मान हलवायचा आणि पुढचा प्रश्न नवऱ्याला विचारायचा. मराठी माणूस भेटला तर तो आधी दचकायचा, मग क्रिकेटवर यायचा. मी कोल्हापूरची आहे, आमच्याकडे पेठापेठांचे संघ असतात, सामना हरला की त्या पेठेत दुसऱ्या दिवशीपर्यंत कुणी मोठ्याने बोलत नाही, माझा काका तालमीच्या संघात मागच्या फळीत खेळायचा आणि खेळणं सुटल्यावर मला शेजारी घेऊन मैदानाच्या पायऱ्यांवर बसायचा, हे सगळं सांगेपर्यंत समोरच्याचं लक्ष बटाटेवड्याकडे गेलेलं असायचं.

काकाने मला एकच गोष्ट शिकवली. बॉलकडे सगळेच बघतात, तू ज्याच्याकडे बॉल नाही त्याच्याकडे बघ. तेव्हापासून मला फुटबॉल तसाच दिसतो. कोण दमलाय, कोण जागा सोडून गेलाय, कोण परत यायचा आळस करतोय, हे आधी दिसतं. बॉल कुठे आहे हे कधीकधी शेजारच्याला विचारावं लागतं.

नवरा पुण्याचा. त्याचा फुटबॉलशी संबंध आला तो नोकरीमुळे. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत बँका आपापली पडद्यामागची कामं चांगी बिझनेस पार्कात हलवत होत्या, आणि तिथल्या कचेऱ्यांच्या संघांची एक शनिवारची लीग सुरू झाली होती. नवऱ्याच्या खात्याचा प्रमुखच त्यांच्या संघाचा कॅप्टन. एक माणूस कमी पडत होता. साहेबाला नाही म्हणायची नवऱ्याला सवय नव्हती, म्हणून तो मधल्या फळीतला खेळाडू झाला.

मी त्याला अहो म्हणते. सासूबाईंची तेवढी एकच अट होती आणि ती मला जड गेली नाही, कारण मनातल्या मनात मी त्याला काय म्हणते ते त्यांना ऐकू येत नव्हतं. पहिल्याच सामन्यात मी रेषेबाहेरून 'अहो, बॉल सोडा की' असं इतक्या वेळा ओरडले, की त्याच्या संघाला ते त्याचं टोपणनाव वाटलं. मग चिनी, मलय, फिलिपिनो सगळेच त्याला 'आहो' म्हणून हाका मारू लागले. कचेरीतसुद्धा तेच नाव पडलं. सासूबाईंना आम्ही हे कधी सांगितलं नाही.

कॅप्टन इथलाच चिनी, पन्नाशीला टेकलेला. बँकेत त्याचं काम नियम पाळले जातात की नाही हे बघण्याचं. माणूस सभ्य, वेळेचा पक्का, सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या स्वतः उचलून आणणारा. त्याचा खेळही त्याच्या खात्यासारखाच होता, काही बिघडता कामा नये. पाच माणसं मागे, चार त्यांच्या पुढ्यात, आणि लांब तिकडे एकटा मलय फॉरवर्ड. मागून कुणीतरी बॉल उंच टोलवायचा आणि त्या एकट्याने त्याच्यामागे धावायचं. लीगमध्ये हे खपून गेलं. बरोबरी, बरोबरी, मधेच एखादा चुकून लागलेला गोल, असं करत आम्ही कसेबसे चौथे आलो.

पहिले चार संघ बाद फेरीत जाणार होते आणि चौथ्याची गाठ पहिल्याशी होती. मी त्या पहिल्या संघाचे शेवटचे दोन सामने, आम्ही राहायचो त्या पासिर रिसहून बस पकडून, मुद्दाम बघून आले. नवऱ्याला सांगितलं, मैत्रिणीकडे जाते.

त्यांच्या मागच्या फळीत मधोमध दोन ताडमाड गोरे होते. आमचा फॉरवर्ड त्यांच्या खांद्यालाही लागला नसता. त्याच्याकडे उंच बॉल टाकणं म्हणजे तो त्या दोघांना हातात नेऊन देणंच होतं. पण त्या दोघांना वळायला वेळ लागायचा, आणि आमच्या फॉरवर्डला जमिनीवर बॉल मिळाला तर तो कुणाच्या हाती लागणारा नव्हता. त्यांचा डावा बॅक हौशी. संधी दिसली की पुढे पळायचा आणि परत येताना चालत यायचा. त्याच्या मागे, म्हणजे आमच्या उजव्या अंगाला, सगळी जागा मोकळी पडायची. राहिला गोलकीपर. सावळा, शिडशिडीत, मला तो इथलाच तमिळ वाटला. वरचे बॉल झकास पकडायचा, पण त्याच्या डाव्या हाताला जमिनीलगत मारलेल्या बॉलपर्यंत खाली जायला त्याला उशीर व्हायचा. मी बघितलेले दोन्ही गोल त्याने तसेच खाल्ले होते.

म्हणजे उपाय सरळ होता. मागचा एक माणूस काढून उजव्या अंगाला पुढे ठेवायचा, बॉल जमिनीवरून त्या डाव्या बॅकच्या मागे सोडायचा, आणि मारताना खाली मारायचं. अडचण एकच. हे सगळं ज्याच्या पायातून जाणार तो माणूस म्हणजे आमचे अहो. त्यांना बॉल मिळाला की ते आधी तो थांबवत, मग इकडे बघत, मग तिकडे बघत, मग स्वतःभोवती एक गिरकी घेत. तोवर समोरचा संघ जागेवर येऊन उभा राही.

जेवणाच्या टेबलावर कपड्यांचे चिमटे मांडून मी त्याला हे समजावलं. निळे आपले, लाल त्यांचे. तो आमटी ओरपत बघत होता.

"पटतंय," तो म्हणाला. "पण कॅप्टनला कसं सांगणार?"

"तोंडाने."

"अगं, तो माझा साहेब आहे."

"मग मी सांगते."

"तू नको," तो घाईने म्हणाला आणि एक निळा चिमटा उचलून उगाच दाबत बसला.

मला काय हवं होतं ते सरळ सांगते. संघ जिंकला असता तर आनंदच होता, पण त्याहून जास्त मला हे हवं होतं, की कुणीतरी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं. मी जे बघते ते खरं आहे की नुसती बडबड, याचा एकदा निकाल लागावा. काकासुद्धा माझं ऐकायचा ते पायऱ्यांवर. तालमीत मित्रांमध्ये बसून तेच मुद्दे तो स्वतःचे म्हणून सांगायचा, तेव्हा मी बाहेर चपलांपाशी उभी असायचे. लहान होते, तरी राग यायचा. नोव्हेना भागात डॉक्टरांच्या कचेरीत मी हिशेबाचं काम करत होते. तिथे माझ्या शब्दाशिवाय पान हलत नव्हतं. फुटबॉल म्हटलं की मात्र मी पुन्हा चपलांपाशी.

सामन्याच्या दोन दिवस आधी सगळा संघ बायकामुलांसकट पासिर रिसच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, जेवायला जमला. मी बरोबर कॅप्टनच्या समोरची खुर्ची पकडली आणि सुरुवात केली. उंच बॉलपर्यंत पोचले असेन नसेन, तो तोंड भरून हसला.

"युवर वाइफ आह, व्हेरी पॅशनेट," तो नवऱ्याला म्हणाला, आणि मला विचारलं, उसाचा रस घेणार का.

रस पिण्यापलीकडे मला काही उरलं नाही. मग नवऱ्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, की त्यांचा डावा बॅक फार पुढे जातो असं त्याच्या लक्षात आलंय.

कॅप्टनने चॉपस्टिक खाली ठेवल्या. "गुड पॉइंट, आहो. व्हेरी गुड पॉइंट."

म्हणजे मुद्दा चांगला होता. माझ्या तोंडात असेपर्यंत तो चांगला नव्हता, एवढंच. आणि एवढं कौतुक करून कॅप्टनने शेवटी काय ठरवलं, तर पाच जण मागेच राहतील. "सेफ फर्स्ट, लाह. पेनल्टीपर्यंत नेऊ, मग नशीब." सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी आल्याबरोबर मी दिवा मालवून आडवी झाले. नवऱ्याला वाटलं, माझं डोकं दुखतंय.

शनिवारी संध्याकाळी नुसतं उभं राहून घाम निथळत होता. पहिल्या अर्ध्या वेळात ठरल्याप्रमाणे आमचे पाच जण मागे चिकटून राहिले, बॉल उंच उडत राहिला आणि ते दोन ताडमाड गोरे तो आरामात डोक्याने परतवत राहिले. आमचा फॉरवर्ड मधे उभा राहून आभाळाकडे बघायचा. गोल कुणाचाच झाला नाही. कॅप्टन खूश होता.

मी ठरवलं, आता विचारायचं नाही, सांगायचं. मराठीत सांगायचं, म्हणजे समोरच्यांना कळायचा प्रश्नच नाही. स्वतःच्या या युक्तीवर मी बेहद्द खूश झाले. उत्तरार्ध सुरू होताच मी त्यांच्या गोलच्या बाजूच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले, म्हणजे सगळं नीट दिसेल.

"अहो, त्यांचा डावा बॅक वर गेलाय! उजवीकडं टाका!"

नवऱ्याने बॉल थांबवला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. तेवढ्यात तो डावा बॅक धावत मागे आला. आजवर चालत येणारा माणूस आज धावत येतो, याचं मला नवल वाटलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी ओरडायचे, नवरा गिरकी घ्यायचा आणि मोकळी जागा बुजलेली असायची. एकदाच बॉल खरोखर जमिनीवरून आमच्या फॉरवर्डकडे गेला. "त्याला सांगा, गोलकीपरच्या डाव्या हाताला मार म्हणून! खाली!" नवऱ्याने त्याचं इंग्रजी करेपर्यंत गोलकीपर डावीकडे सरकून, गुडघे वाकवून तयार होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काही केल्या डाव जमत नव्हता आणि का जमत नाही तेही कळत नव्हतं.

कॅप्टनच्या मनासारखं झालं. सामना शून्य-शून्य सुटला आणि पेनल्टी आल्या. त्यांच्या सगळ्या लागल्या, आमच्याही लागत गेल्या, आणि शेवटची आमच्या अहोंवर आली. लागली तर खेळ पुढे चालू, हुकली तर घरी. तो बॉलपाशी उभा राहिला आणि सवयीप्रमाणे इकडे तिकडे बघायला लागला. मला राहवलं नाही.

"अहो, बघत काय बसलाय! त्याच्या डाव्या हाताला, खाली! मी सांगतो ते ऐका की!"

आणि त्याने ऐकलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने गिरकी न घेता, विचार न करता, मी सांगितलं तसं केलं. बॉल गोलकीपरच्या डाव्या हाताला, जमिनीलगत, नीट, जोरात गेला. गोलकीपर आधीच तिथे आडवा पडला होता. बॉल त्याच्या पोटात जाऊन बसला.

नवरा रेषेपाशी आला. "ऐकलं तुझं," एवढंच म्हणाला आणि बूट काढायला बसला. कॅप्टनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "नेव्हर माइंड, आहो, बॅड लक," म्हणाला, आणि मग माझ्याकडे वळून जरा नाराजीने त्याने सांगितलं, की पेनल्टी घेताना बाहेरून आवाज केला की खेळाडूचं लक्ष उडतं. पेनल्टी म्हणजे नशीब, असं दोन दिवसांपूर्वी म्हणणारा हाच माणूस. मला रडू आलं, पण ते रागाने. डावा बॅक, खालचा बॉल, सगळं मी डोळ्यांनी बघितलं होतं. ते खोटं असेल तर इतकी वर्षं पायऱ्यांवर बसून मी काहीच शिकले नव्हते. बडबडच होती ती.

तेवढ्यात त्यांचा गोलकीपर हातमोजे तसेच घालून मैदान ओलांडून माझ्याकडे आला.

"वहिनी," तो म्हणाला, "कोल्हापूरच्या न्हवं तुम्ही?"

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"बाईमाणूस 'सांगतो' म्हणालं की दुसरं गाव असतंय होय? मी जयसिंगपूरचा. नुकताच आलोय इथं, नोकरीला."

पुण्याच्या सासरी मी सांगते, येते, जाते म्हणायला शिकले होते. पण चिडले की आमच्याकडच्या बायका बोलतात तसंच तोंडातून निघतं.

"म्हणजे तुम्हाला सगळं..."

"सगळं कळत होतं. तुम्ही डावा बॅक वर गेलाय म्हटलं, की मी त्याला शिवी देऊन मागं बोलवत होतो. आणि माझ्या डाव्या हाताचं," तो ओशाळून हसला, "ते मला आमच्यात कुणी सांगितलंच न्हवतं. तुम्ही ओरडलासा म्हणून सरकलो. शेवटची पेनल्टी तर तुमचीच. मी नुसता पडलो."

माझ्या मागे नवऱ्याच्या हातातला बूट खाली पडल्याचा आवाज आला.

मला लाज वाटायला हवी होती. आमचा संघ माझ्या तोंडामुळे हरला होता आणि तो अजून माझ्यापासून चार पावलांवर पाणी पीत बसला होता. पण लाज आली नाही. डावा बॅक खरा होता. डावा हात खरा होता. सगळ्या मैदानात एका माणसाने माझा शब्द न् शब्द ऐकला होता आणि लगेच तसं केलं होतं, आणि तो त्यांच्या गोलमध्ये उभा होता.

"पुढच्या शनिवारी फायनल हाय," तो म्हणाला. "आधीची सेमी बघितलीसा काय?"

बघितली होती. आमच्या आधी ती त्याच मैदानावर झाली होती.

"त्यांचा आठ नंबरवाला," मी म्हणाले, "बॉल नसला की जागा सोडतो. पण आधी तुमच्या त्या दोन उंच माणसांचं बघा. त्यांना वळायला..."

"थांबा वहिनी, थांबा," त्याने हात वर केला. मला वाटलं, झालं, याचंही ऐकणं संपलं. पण तो पाठ फिरवून कुणाला तरी बोलवत होता, आणि त्यांचा कॅप्टन, त्या दोन उंचांपैकीच एक, पाण्याची बाटली तिथेच टाकून आमच्याकडे यायला लागला.

"आता इंग्रजीत सांगा," गोलकीपर हातमोजे काढत म्हणाला, "आणि पहिल्यापासून सांगा. ह्याला ऐकू दे."