नखाने उघडायचा चाकू

त्या दुष्काळात उमापूरच्या अलीकडे दूध संघाने जनावरांची छावणी लावली होती. संघाच्या दवाखान्यातले आम्ही दोघे कंपाउंडर तिथे दिवसभर चाकूंवरून वाद घालायचो. दुसरं करण्यासारखं होतं तरी काय? डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे आणि औषधं कायम संपलेली.

माझा चाकू मेहुण्याने जर्मनीहून आणलेला. अक्रोडाची गुळगुळीत मूठ, दोन्ही टोकांना पितळ. पात्याच्या पाठीजवळ बारीक खाच, तिच्यात नख घालून दोन्ही हातांनी उघडायचा. माझ्या जोडीदाराचा चाकू त्याच्या भावाने दुबईहून आणलेला, तितकाच महागाचा. काळी खरखरीत मूठ, पात्याला भोक. अंगठा लावला की खट्‌कन उघडायचा आणि आत खटका बसायचा.

"नखानं उघडायला ही काय कुंकवाची डबी हाय का बे?" तो मला चिडवायचा. गडी धारूरचा, तोंडाने लई फटकळ.

"तुझ्या चाकूच्या फटीत धूळ बघ किती बसलीय. धुवायला पाणी हाय का?" मी म्हणायचो.

त्याचं खरं आहे हे मला कळत होतं. कबूल करायला मात्र जीभ रेटत नव्हती.

चकलांब्याच्या एका मावशींची गाभण गाय कडेच्या रांगेत होती. त्यांच्या घरात तेवढंच जनावर उरलेलं. मावशी रोज विचारायच्या, "दादा, वासरू येईपस्तोर टिकल ना वो?" मी छातीठोकपणे सांगायचो, टिकेल.

एका दुपारी टँकर आला आणि पाण्याच्या वासाने जनावरं उसळली. ती गाय दाव्यात गुरफटून पडली, गळ्याला फास बसला. मी धावत जाऊन एका हाताने तिचं डोकं उचलून धरलं. सोडलं की फास आवळत होता. दुसऱ्या हाताने चाकू काढला, खाचेला दात लावून पाहिले. उघडला तर नाहीच, वर निसटून गायीच्या अंगाखाली गेला. मी जोडीदाराला हाक मारली.

तो गव्हाणीच्या पलीकडून आला. मधे गव्हाण, त्यामुळे त्याचा हात दाव्यापर्यंत पोचत नव्हता. त्याने अंगठ्याने चाकू उघडला आणि गव्हाणीच्या काठावर ठेवला.

आमच्याकडे सुरी हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. मला आजही संताप येतो तो याचा, की माझाही हात पुढे झाला नाही. तो ठेवेपर्यंत मी थांबलो. तेवढ्यात गायीने झटका दिला, तिचं डोकं माझ्या हातून सुटलं आणि गव्हाणीला धक्का बसून चाकू चाऱ्याला टाकलेल्या उसाच्या वाढ्यांत पडला. तो वेड्यासारखं वाढं उपसत राहिला. चाकू सापडला तेव्हा गाय हलायची थांबली होती.

मावशी रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दोघांपाशी चाकू व्हते की वो."

"तुझा उघडला असता तर," तो म्हणाला.

"हातात दिला असतास तर," मी म्हणालो.

त्यानंतर आम्ही दोघे आजवर बोललेलो नाही.